घोळणा आणि उद्याचा तास

गुरुवार, संध्याकाळ. सोलापूर

आज परत घोळणा फुटला. ॲलर्जीसाठी नाकात मारायचा स्प्रे सुरू केल्यापासून हे अधूनमधून चाललंय. आणि उद्या शाळेत पाचवीवर डेमो तास घ्यायचा आहे. तो जमला तरच नोकरी.

आई म्हणते, ऊन बाधलं. तिने माझी मान मागे केली, डोक्यावर पाणी थापलं आणि फोडलेला कांदा नाकाशी धरला. कांद्याने शिंक आली आणि थांबत आलेलं रक्त पुन्हा सुरू! मग मी मान पुढे वाकवून नाक चिमटीत धरून बसले. तर म्हणते, "चार बुकं शिकलीस म्हणून आता नाकाला बी शिकवतीस व्हय?" हसू आलं, पण नाक सोडता येईना.

थांबल्यावर डॉक्टरांना फोन केला. मी स्प्रे नाकाच्या मधल्या पडद्यावर मारत होते. टोक कानाच्या बाजूला हवं. पण आतली जखम भरेपर्यंत तो बंद. बंद! म्हणजे उद्या खडूची धूळ आणि माझ्या शिंका. गुपचूप मारावा का एकदा? घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिलाच तास असा? तो कांदा नसता तर... जाऊ दे, कांद्याचा काय दोष.

आईला विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "रगत बघून पोरं भितील. शिंकलीस तर हसतील. हसू दे की."

स्प्रे कपाटात ठेवून दिला आहे. उद्या वर्गात गेल्या गेल्या सांगून टाकेन, बाई आज शिंकणार आहेत.