वचनाखाली दोन ओळी

प्रिय दादास,
प्रभूमध्ये सलाम. आईने विणलेला स्वेटर आणि तुझी वचनांची चिठ्ठी पोचली. तू तिकिटे कमी लावलीस, दंड मी भरला.

आम्ही ठीक आहोत. फिट येऊन हे कारखान्याच्या जिन्यावरून पडले, पण हाड मोडले नाही. आईला सांगू नकोस.

तू लिहिलेस, "भावोजी, वचन धरा, गोळ्या सोडा." यांनी चिठ्ठी भिंतीला डकवली आणि गोळ्या मोरीत ओतल्या. मी अडवले तर म्हणाले, "तुझा भाऊ उपदेशक आहे, तू कोण?"

वचनात सामर्थ्य आहे, हे मला शिकवू नकोस. यांच्या उशाशी मी रोज वाचते, तेव्हाच यांची भीती सुटते आणि डोळा लागतो. पण गोळी सोडा असे देव म्हणाला नाही, ते तू म्हणालास. तुझा चष्मा सुटला का रे? आईच्या डोळ्यांत थेंब वेळेवर घालतोस ना?

नव्या गोळ्या आणून ठेवल्यात. माझे हे ऐकत नाहीत. तुझ्या अक्षरात दोन ओळी लिही, की वचनही धरा आणि गोळीही घ्या. त्या वचनाखालीच डकवीन.

पुरेशी तिकिटे लावून उलट टपाली धाड.

तुझी,
धाकटी