ताडपत्रीआडची ऊब

२ डिसेंबर

चाकांवरच्या घरांत राहणाऱ्या सोबत्यांनो, ही वही तुमच्यासाठी. दिवसभर पुलाच्या कामावर गारठ्यात लोखंड उचलायचे आणि परतल्यावर बादलीभर ऊन पाण्यासाठी कंपनीच्या मर्जीकडे डोळे लावून बसायचे, हे तुमचे जुने दुखणे. आजपासून ते माझेही. तुमच्या समितीचा चिटणीस म्हणून मी, तुम्ही ज्याला मास्तर म्हणता तो, आज दाखल झालो. जे बघेन ते इथे लिहीन आणि सभेत वाचून दाखवीन.

आमची कॅरॅव्हॅन रांगेच्या टोकाला आहे. चार पावलांत संपते, पण नेटकी. एका बाजूला ताईची गादी, दुसऱ्या बाजूला माझी पुस्तके, आणि उरलेल्या जागेत मी. ताई माझी थोरली बहीण. तिची छाती नाजूक. गेल्या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात ठेवावे लागले. हा हिवाळा उबेत गेला तरच ती तरेल, असे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले. म्हणून तिला बरोबर आणले.

कपाटाखाली हीटर आहे. एकच यंत्र खोली तापवते आणि दहा लिटरच्या टाकीतले पाणीही. ते विजेवर चालते, गॅसवर चालते, दोन्हींवर मिळूनही चालते. इथली देखभाल करणारा कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरतो. सगळे त्याला किल्लीवालाच म्हणतात. तो समजावून द्यायला आला. वीज हलक्या आकड्यावर ठेवा, किटली लावाल तेव्हा हीटर बंद करा, म्हणाला. मग गॅसचे सांगू लागला, तेवढ्यात मी त्याला विचारले की ऊब हा माणसाचा हक्क की मालकाची भीक? त्या विषयावर मी वीसेक मिनिटे बोललो. तो ऐकून घेऊन शेजारच्या गाडीकडे गेला. ताई म्हणाली, अरे, तुझ्या भाषणावरच तापेल ही गाडी, गॅस कशाला जाळतोस!

झोपण्यापूर्वी दोघांनी कढत पाण्याने तोंड धुतले. ताई अजिबात खोकली नाही.

५ डिसेंबर

सकाळी सभेची चिठ्ठी नळापाशी लावली. दुपारी माझी वीज गेली. फक्त माझी! शेजारच्या क्रेनवाल्याकडे दिवा जळत होता, रेडिओ गात होता. किल्लीवाल्याने खांबावरची पेटी उघडून खटका वर केला, आणि तासाभरात वीज पुन्हा गेली. ताईचे म्हणणे, किटली आणि हीटर एकदम लावलेस, वर हीटर मोठ्या आकड्यावर. ताई भोळी आहे. चिठ्ठी लागते आणि वीज जाते, याला योगायोग म्हणायला मी दूधखुळा नाही.

बटण ज्योतीच्या चित्रावर फिरवले. गॅसची टाकी माझ्या दाराशी आहे, तिचा खटका कोणाच्या पेटीत नाही. आता आम्ही कोणाचे मिंधे नाही.

८ डिसेंबर

काल दिवसभर ताईला डॉक्टरांकडे नेले होते, हीटर बंद होता. आज नळ उघडला तर थेंब नाही. गाडीखाली बर्फाचा थर. अख्खी टाकी कोणीतरी सोडून दिलेली!

किल्लीवाला म्हणतो, कडाक्याची थंडी पडली की टाकीचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, नाहीतर पाणी गोठून टाकी फुटेल. आपोआप! जगात अन्याय करणाऱ्या प्रत्येकाने आजवर हेच सांगितले आहे की ते आपोआप घडले.

९ डिसेंबर

बाजूच्या भिंतीवर तळहाताएवढी जाळी आहे, तिच्यातून हीटरची धग बाहेर पडते. आज किल्लीवाला तिथे वाकलेला दिसला. मला पाहून म्हणाला, जरा जाळी बघत होतो. मी म्हणालो, बघत होतास की ऐकत होतास?

क्रेनवाल्याकडून ताडपत्री मागून आणली आणि ती बाजू छतापासून जमिनीपर्यंत झाकली. कडा दगडांनी दाबल्या. आता ऐक म्हणावे. शिवाय ऊबही आत राहील.

१० डिसेंबर

सकाळी ताडपत्री सोडून घडी घालून ठेवलेली. घडीसुद्धा नीट. मी ती पुन्हा बांधली, गाठी मारून.

किल्लीवाला आला. म्हणाला, मास्तर, एक मिनिट ऐका तरी. मी म्हणालो, चाळीस वर्षे तुमच्या मालकांचेच ऐकत आलो, आता तुम्ही ऐका. दारात चार माणसे जमली, टाळ्या पडल्या. हात जोडून तो गेला.

१२ डिसेंबर

डोके ठणकते. ताईचेही. ती कपडे वाळत घालायला बाहेर गेली की तिला हुशारी वाटते, आत आली की पुन्हा कपाळ धरते. म्हणजे आतच काहीतरी आहे. पाणी? टाकीत काही मिसळले असेल. आजपासून टाकीचे पाणी प्यायचे नाही.

गाडीच्या तळाला जाळीची भोके आहेत. त्यांतून कोणीतरी कुजबुजते, मी स्वतः ऐकले. वर्तमानपत्रांचे बोळे करून सगळी बुजवली.

१३ डिसेंबर

ताई नळापाशी किल्लीवाल्याशी बोलत होती. मी विचारले तर म्हणाली, तो म्हणतो ताडपत्रीने गॅसचा धूर कोंडतो आणि फटींतून आत येतो, काढा ती. माझ्याच बहिणीला फितवले! अगं, ज्योत निळी आहे, निळ्या ज्योतीला कसला धूर? वास तरी येतो का? ती म्हणाली, तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंत बरी, ती निदान मधे बोलत नाही.

मग रडली. का, कळले नाही. मला ओकारी आली.

१४ डिसेंबर

दाराला आतून कडी. खिडक्यांना चिकटपट्टी. दाराखाली चादर.

सभेचे भाषण लिहायला बसलो. अक्षरे हलतात. तीच ओळ तीनदा—

ताई दिवसभर निजून. गाल लाल, छान दिसतात. खोकत नाही. ऊब मानवली तिला.

तो गाडीभोवती फिरतो आहे. किल्ल्या वाजतात. मी श्वास रोखून—

१५ डिसेंबर, सकाळ

सगळे पुलावर गेले. ताईला हाक मारली. उठत नाही. हलवली. डोके नुसते लोळते—

श्वास आहे. अगदी बारीक.

ही झोप नव्हे. बाहेर बरी, आत आजारी— ताडपत्री. धूर. वास नसलेला. तो खरे बोलत होता. मी बांधली. मी बोळे कोंबले. मी—

बटण बंद केले. निदान तसे वाटते. उभा राहिलो, पडलो. कडी तीन हातांवर आहे. पाय माझे नाहीत.

दार वाजते आहे. तो आहे. मास्तर, मास्तर म्हणतो. ओरडायचे आहे— आवाज फुटत नाही. हजारांच्या सभेत— आणि आता—

पान काचेला लावतो. मोठ्या अक्षरांत.

दार तोडा. मला नंतर. ताईला आधी बाहेर— दार तो