ताईला सापडावं म्हणून

३ जून

चि. ठकूस मावशीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं तर तुझी आई पाकिटावरचं अक्षर ओळखेल आणि तुझी उलटतपासणी सुरू होईल.

दोन वर्षं झाली, मी पुस्तकबांधणीवर ब्लॉग लिहितेय. आबांकडून ताई आणि मी जे शिकलो ते सगळं त्यात आहे. टाके, पुठ्ठे, खळ, आबांची बोलणीसुद्धा. चाळीस लेख झाले, पण सर्चमध्ये कितीही शोधा, ब्लॉग काही येत नाही. तू वेबसाइटी बनवतेस, तेव्हा मावशीसाठी जरा डोकं खाजव. पासवर्ड मागच्या बाजूला लिहिलाय.

आईला सरळ लिंक पाठव, असं तू म्हणशील. आबांच्या देखतच तिने त्यांचं बांधणीचं दाबयंत्र विकलं, तेव्हा मी तिला नाही नाही ते बोलले. नऊ वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही. माझी लिंक ती उघडणार नाही. स्वतः शोधताना सापडलं तर मात्र वाचेल. त्यात तिची माफी मागणारा एक लेख आहे. तेवढा तिने वाचावा, बाकी मला काही नको.

तब्येतीला जप.

तुझी मावशी

११ जून

ती. स्व. मावशीस सा. न. वि. वि.

सर्च इंजिनाला उगाच बोल लावू नकोस. सेटिंगमध्ये ‘ब्लॉग सर्चमध्ये दाखवू नये’ या ओळीपुढे टिक आहे, आणि ती तूच केलेली आहेस. दाराला आतून कडी लावून दोन वर्षं पाहुण्यांची वाट बघत बसलीस. टिक काढली, सगळ्या पानांची यादीही सर्च इंजिनाकडे पाठवली. आता काही आठवडे धीर धर.

दुसरं तुझे मथळे. ‘सावली’, ‘एक दुपार’, ‘निरोप’. असं कोण शोधतं? ग्रंथालयातून बांधणीचं काम करून आली की आई मोबाइलला तोंडी प्रश्न विचारते, तेही शाळेतल्या बाईंनी दरडावावं तसे. परवा विचारत होती की पुस्तकाची शिवण सैल झाली तर काय करावं. तिला येत नाही असं थोडंच आहे. लोक किती चुकीचं सांगतात ते ऐकायला तिला आवडतं. अशा साध्या बोलीत मथळे दे, आणि माफीचा लेख त्याच पानाखाली जोड.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझी ठकू

१६ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

टिक मीच केली होती. नीट जमेपर्यंत कोणी बघू नये म्हणून केली आणि विसरले. तुला म्हणून सांगते, भीतीही वाटते. तिने वाचलं आणि काहीच म्हटलं नाही तर मी काय करू?

‘एक दुपार’चं आता ‘पुस्तकाची शिवण सैल झाली तर काय करावं’ झालंय. औषधाच्या बाटलीवरच्या कागदासारखं वाटतं, पण तुझं ऐकलं.

तुझी मावशी

२२ जुलै

चि. धाकटीस अ. उ. आ.

शिवणीबद्दल शोधताना एका बाईचा लेख सापडला. दोरा मेणावर ओढून घ्या म्हणते, ते बरोबर. गाठ कण्याच्या बाहेर ठेवा म्हणते, ते साफ चूक. आबांनी सगळं उसवायला लावलं असतं. बाई ओळखीची असेल तर कळव. शेजारी ठकू वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होती, त्यावरून काय ते मी समजले.

खालचा लेखही वाचला, चष्मा पुसत पुसत. दाबयंत्र विकायला आबांनीच सांगितलं होतं. हातांना कंप सुटला होता, चाक फिरवता येत नव्हतं, आणि ते समोर दिसलं की त्यांचा जीव तुटायचा. ‘धाकटीला सांगू नकोस, तिच्या लेखी मी अजून धडधाकट आहे,’ म्हणाले. म्हणून गप्प बसले. ते गेल्यावर सांगता आलं असतं, पण तोवर मलाही राग धरून बसायची सवय झाली होती. तू एकटी चुकली नाहीस.

आणि लिंक तू मला पाठवायला हवी होतीस. मी उघडली नसती हे खरं. पण तुझ्याकडून काहीतरी आलंय, एवढं तर दिसलं असतं. नऊ वर्षं मी तेवढ्याचीच वाट बघत होते.

लोभ कधी तुटला नव्हता, हे आता लेखी देते.

तुझी ताई