शेवटच्या बेटाचा बेत

३ फेब्रुवारी

ठरलं! बेटांवर जायचं. वन्संनी "बघू" म्हटलं नाही, "पुढच्या वर्षी" म्हटलं नाही — सरळ विचारलं, "कधी?" मीच गडबडले. मी आठवडाभर मनधरणी करायची तयारी ठेवली होती, ती सगळी फुकट गेली.

आता इथे खरं लिहायला हरकत नाही. मला आराम-बिराम काही नकोय. माझ्या शिवणाच्या दुकानासमोरच्या चष्मेवाल्यांनी मला लग्नाचं विचारलंय आणि मला "हो" म्हणायचंय. ते वन्संना सांगायचंय. घरात सांगायची छाती होत नाही. हे गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण, पण मला सासू, आई आणि हवालदार सगळं त्याच. मी गेले की त्या एकट्या पडणार! मग वाटलं, वाळूत पाय पसरून बसल्यावर माणूस जरा मऊ होत असेल. तिथं सांगू.

५ फेब्रुवारी

वन्संनी माहिती काढलीसुद्धा. इस्पितळात जन्मभर मेट्रन होत्या. रिटायर झाल्या तरी अजून घरात राउंड घेतात. जेवताना मला धडा दिला. किनाऱ्यापासून थोडी आत समुद्रात, किनाऱ्याच्या बाजूबाजूने, वाळूची लांबट बेटं आहेत. ओळीनं. पलीकडून समुद्र आपटतो तो त्यांच्यावर, अलीकडचं पाणी शांत. किनाऱ्यावरची गावं त्यांच्या जिवावर सुखात झोपतात.

"म्हणजे मार खायला ती पुढे उभी," मी म्हटलं. "अगदी तुमच्यासारखी!"

"तोंडातला घास संपव आधी," म्हणाल्या. पण खूश झाल्या. कान लाल होतात तेव्हा कळतं.

७ फेब्रुवारी

हसून हसून पोट दुखलं. वन्संनी आरामाचा ड्युटी चार्ट केला! वॉर्डात लावायच्या तसा, पट्टीनं रेघा मारून. सकाळी — समुद्राकडे बघणे. नंतर — नाश्ता. मग — निवांत बसणे (बोलणे नाही). दुपारी — झोप, सक्तीची. संध्याकाळी — फिरणे, मंद गतीने. एका चौकोनात मी, एका चौकोनात त्या.

"आणि मला दुपारी झोप नाही आली तर?"

"डोळे मिटून पडायचं. येते."

"नाहीच आली तर?"

"तर मी आहे ना!"

काय करणार आहेत? इंजेक्शन देणार? विचारायचं धाडस झालं नाही. शिवाय चार्टात "वन्संना सांगणे" कुठे बसवायचं हाच मोठा प्रश्न. "बोलणे नाही" तर ठळक अक्षरांत आहे.

९ फेब्रुवारी

चष्मेवाले पँट घेऊन आले. उंची कमी करायची म्हणे. या पँटची उंची मी किती वेळा कमी केली! आता आणखी केली तर हाफपँट होईल. हे मी तोंडावर सांगितलं. म्हणाले, "मग वाढवून द्या. मला काय, दुकानात यायला कारण हवं."

इतका साधा माणूस! दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावतो आणि स्वतःच्या शर्टाची बटणं चुकीच्या काजात घालतो.

"बेटावरून आले की उत्तर देते," मी म्हटलं. "आधी वन्संना सांगू दे."

"त्या रागावतील?"

"रागावल्या तर बरं. रडल्या तर मी काय करू?"

मग ते पँट ठेवून गेले. मी उंची वाढवली. उसवलेल्या जागी जुन्या शिलाईच्या रेघा राहिल्या, त्या इस्त्रीनंही जात नाहीत.

१२ फेब्रुवारी

कुठलं बेट, यावर आज चर्चा. मला शेवटचं हवं होतं. तिथं एकच लॉज आणि दिवसातून एकदाच येणारी होडी. माझा हिशेब सरळ — वन्सं चिडून तरातरा निघाल्या तरी जाणार कुठं? संध्याकाळपर्यंत परत माझ्यासमोरच. मी सगळी कारणं तयार ठेवली. वारा चांगला, गर्दी नाही, शंख पुष्कळ.

वन्सं म्हणाल्या, "शेवटचंच घेऊ."

अरेच्चा! ज्या बाईला कोपऱ्यावर औषधाचं दुकान नसेल तर झोप लागत नाही, ती म्हणते शेवटचं? मी म्हटलं, "तिथं डॉक्टर नाही हं." तर म्हणाल्या, "मी आहे की." हे मात्र खरं.

१३ फेब्रुवारी

वन्सं आंघोळीला गेल्या की स्वतःशी बोलतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आज दाराबाहेरून ऐकलं — "हे बघ सुई, शांतपणे ऐकून घे." (सुई म्हणजे मी. दुकान टाकलं तेव्हापासून.) बहुतेक दुपारच्या झोपेचंच भाषण असणार!

१६ फेब्रुवारी

बॅगा भरल्या. माझी एक, वन्संची एक आणि औषधांची एक. तिसरी सगळ्यात जड. बँडेजं इतकी की अख्खं बेट गुंडाळता येईल.

वन्संनी नवी हॅट आणली. रुंद काठाची, पिवळी! घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "फार होतंय का गं?" मी म्हटलं, "होडीवाला वाट चुकणार नाही, लांबूनच दिसाल." मारायला धावल्या. खरं तर छान दिसत होत्या. एकदम पोरसवदा. ही हॅट घालून त्या माझ्यासमोर बसणार आणि मी त्यांना सांगणार की मी चालले!

१८ फेब्रुवारी

लॉजवाल्या बाईंचा फोन. समुद्र खवळलाय, होड्या बंद. शेवटच्या बेटाची एक सोंड पाण्यानं तोडून टाकलीय म्हणे, मधून प्रवाह वाहतोय. "वाळूचंच बेट, ताई, ते जागचं हलतं. महिन्याभरानं या."

महिनाभर! माझं तयार केलेलं वाक्य महिन्याभरात शिळं होईल. चष्मेवाल्यांना दारातूनच खुणेनं सांगितलं, "रद्द." त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला.

वन्सं मात्र माझ्यापेक्षा जास्त हिरमुसल्या. हॅट घालूनच सोफ्यावर बसून राहिल्या. मी चिडवलं तर वरही बघितलं नाही.

१९ फेब्रुवारी



सकाळी मी ठरवलं, बेट गेलं उडत, इथंच सांगायचं. चहा टाकला. "वन्सं, मला एक सांगायचंय." तर त्या म्हणाल्या, "मलाही. आधी मी. नाहीतर माझं धैर्य जाईल."

मग एका दमात बोलल्या. त्यांची जुनी मैत्रीण, ऑपरेशन थिएटरची सिस्टर, डोंगराकडच्या गावात एकटी राहते. अंगण आहे, पेरूची झाडं आहेत. कधीपासून बोलावतेय. "मला जायचंय गं. कायमचं. बेटावर सांगणार होते, म्हणजे तुला चिडून निघून जाता आलं नसतं." मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"माझ्या भावानं शेवटी माझा हात धरून सांगितलं होतं, ताई, हिला एकटं टाकू नकोस. नाही टाकलं. पण आता मलाही थोडं माझं जगायचंय. तू नको म्हणालीस तर राहीन. तुला कोणाची सोबत असती ना सुई, तर मी केव्हाच गेले असते."

म्हणजे मी त्यांच्यासाठी थांबले होते आणि त्या माझ्यासाठी! एक वाक्य बोलायचं होतं फक्त. चष्मेवाल्यांनी विचारलंय. झालं! त्या सुटल्या, मी सुटले. ओठांवर होतं.

पण मला राग आला. असा राग की चहा उतू गेला तरी मी बघत राहिले. मला सोडून जाणार? पेरूच्या झाडांसाठी? मी जाणार होते ते वेगळं! मी तर दोन गल्ल्या पलीकडे जाणार होते, रोज आले असते, त्यांची बोलणी खाल्ली असती. त्या घरात असायला हव्यात ना, मी येईन तेव्हा!

"तू काय सांगणार होतीस?" त्यांनी विचारलं.

"दूध संपलंय," मी म्हटलं.

२० फेब्रुवारी

सकाळी परत विचारलं वन्संनी, अगदी हळू — "कोणी आहे का गं मनात?" मी म्हटलं, "काहीतरीच तुमचं! कोण असणार?" आणि डोळ्यांत पाणी आणलं. आणावं लागलं नाही, आलंच.

त्या उठल्या आणि मैत्रिणीला फोन लावला. "नाही गं, जमणार नाही. एकटी आहे ती."