बोलणारा मुद्देमाल

१४ जानेवारी १९५८

रेडिओ गेला! म्हणजे गावातच आहे, पण आमच्या घरातून गेला.

आमचे हे जनपद सभेच्या शाळेत मास्तर. अक्कल आहे, पण ती शाळेतच ठेवून येतात. गोंदियाला स्टेशनमागे कुणी मुंबईचा माणूस भेटला, त्यानं यांना बॅटरीवर चालणारा रेडिओ विकला. ‘विलायती माल आहे, जकात चुकवून जहाजातून उतरवलाय,’ असं वर कानात सांगितलं. असला माल घेतलेला माणूस तोंड शिवून बसतो. हे सरळ सालेकशाच्या पोस्टात परवाना काढायला गेले! रेडिओला परवाना लागतो, कायदा तो कायदा. पोस्टमास्तरांनी देशी का विदेशी विचारलं, तर हे छाती काढून म्हणाले, “विदेशी. जकात न भरता आलेला आहे. लिहून घ्या.”

आज इन्स्पेक्टर आले. तसे ते तंबाखूचे इन्स्पेक्टर, बिडीवाल्यांची गोदामं तपासतात, पण चोरट्या मालाचं खातंही त्यांच्याचकडे. पंचनामा झाला. रेडिओ मांजरपाटात शिवला, गाठींवर लाखेचं सील ठोकलं. साहेब सायकलवर आलेले, न्यायचा कसा? मग ठरलं, सुनावणीपर्यंत माल गावातल्या प्रतिष्ठित माणसाच्या ताब्यात. आमच्या गावात प्रतिष्ठित एकच— केवळराम पाटील. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडण झालं तेव्हापासून त्यांचं आमचं बोलणं बंद आहे.

साहेब पाटलांना म्हणाले, “सील टूटा तो जेल.” मग यांच्याकडे वळून, “गुन्हा शाबीत झाला तर दंड होईल मास्तर. नोकरीचं काय ते जनपदवाले बघतील.” काय बघणार? घरी बसवणार. पदरात दोन पोरी, शेत नावाला.

१५ जानेवारी

गाठोडं बोलतंय.

काल दिवेलागणीला पाटलांच्या फडताळातून पुरुषाचा आवाज आला. त्यांच्या घरच्या सुशीलाबाई हातातला दिवा टाकून अंगणात पळाल्या. झालं असं— साहेब “बंद करो” म्हणाले तेव्हा आमच्या विद्वानांनी खरखर थांबेपर्यंत बटण फिरवलं, खट्‌ वाजेपर्यंत नाही. दुपारी नागपूर केंद्र बंदच असतं. सगळ्यांना वाटलं, मिटला रेडिओ. चालू रेडिओ शिवून टाकला!

सकाळी पाटील दारात आले. बोलणं बंद आहे ना, म्हणून आमच्या कडुलिंबाला म्हणाले, “मास्तरले सांगा, त्याचा रेडिओ बोलून राहिला. कसा बंद करू?”

हे आतून भिंतीला म्हणाले, “सील तोडल्याशिवाय होत नाही.”

मी मध्ये उभी. कडुलिंबाचं भिंतीला सांगायला.

१९ जानेवारी

संध्याकाळ झाली की अख्खं गाव पाटलांच्या ओसरीवर. आवाज बारीक, त्यात मांजरपाट, म्हणून सगळे श्वास रोखून बसतात. खोकला आला तर माणूस अंगणात जाऊन खोकून येतो. बकारामची म्हातारी तर गाठोड्याला हात जोडते. शेतकऱ्यांचा कार्यक्रम संपला की पाटील गंभीर चेहऱ्यानं म्हणतात, “जा आता, सरकारी माल आहे.” जसं काही सरकारनं त्यांनाच भेट दिलाय.

हे जात नाहीत. मानी माणूस. आमच्या गोठ्यातून पाटलांच्या भिंतीला कान लावून उभे असतात, बैल चाटतो तरी हलत नाहीत. मी मात्र जाते. पुढे बसते. आमचा रेडिओ आहे.

२४ जानेवारी

पाटील गोंदियाला जाऊन साहेबांना विचारून आले. साहेब कामात होते. मान वर न करता म्हणाले, “जैसा दिया, वैसा ही लौटाना.”

आता पाटलांनी धसकाच घेतलाय. दिला तेव्हा चालू होता, म्हणजे परत करतानाही चालू पाहिजे. बॅटरी संपली तर माल खराब केला म्हणून तेच आत!

२९ जानेवारी

आमच्या वकिलांचं, दुलीचंदजींचं म्हणणं नेमकं उलटं. “मास्टरजी, जो बोलता नहीं वह रेडिओ कैसे? मुका डबा ठेवल्याबद्दल कुणाला दंड होत नाही.” सुनावणीपर्यंत बॅटरी संपली पाहिजे, की आपण सुटलो.

म्हणजे पाटलांना गाठोडं जिवंत हवं, आम्हाला मेलेलं. हे रोज गोठ्यातून येतात आणि रोग्याची खबर द्यावी तसे सांगतात, “अजून आहे.”

६ फेब्रुवारी

आवाज खोल गेलाय. बातम्या ऐकू येतात, पण कुणाच्या ते कळत नाही.

पाटलांनी उपाय काढला. टॉर्च मंदावला की त्यातले सेल उन्हात ठेवतात, मग दोन दिवस चालतात, हे सगळ्या गावाला ठाऊक. म्हणून आता गाठोडं रोज अंगणात, पापडाशेजारी. पण उन्हानं लाख मऊ पडते! सील ओघळलं तर जेल. तेव्हा सीलवर ओलं फडकं, आणि पाटील स्वतः शेजारी बसून सीलला वारा घालतात. गाठोडं गरम, सील गार. गावचा पाटील! हसता हसता माझ्या पोटात दुखलं. मग आठवलं, तो रेडिओ जगला तर आपलं काय होणार. हसू तिथंच थांबलं.

१० फेब्रुवारी

न राहवून सुशीलाबाईंकडे गेले. म्हटलं, “बाई, ऊन नका दाखवू जी त्याले. आमच्या पोरींची भाकर जाईल.”

त्या म्हणाल्या, “अन्‌ नाई दाखवलं त आमचा म्हातारा जेलात जाईल. तूच सांग दुलारी, कोणाचं आयकू?”

त्यांना रडू आलं, मग मलाही. चहा झाला. येताना त्यांनी पापड दिले. रेडिओशेजारी वाळलेले.

१७ फेब्रुवारी

गाठोडं गप्प. आमच्याकडे खीर, पाटलांकडे चूल पेटली नाही.

२७ फेब्रुवारी

सुटले!

काल नागपूरला मोठ्या साहेबांपुढं सुनावणी. हे आणि पाटील एकाच डब्यातून गेले, तोंडं दोन खिडक्यांना. परतल्यावर हे तडक गोठ्यात गेले. सगळं पाटलांकडून कळलं— आणि त्यांनी ते मला सांगितलं, कडुलिंबाला नाही.

सील शाबूत निघालं. रेडिओ गप्प का, हे कुणी विचारलंही नाही. पाटील सुटले. वकील “मुका डबा” म्हणून उभे राहणार, एवढ्यात मोठ्या साहेबांनी मागचं झाकण उघडलं. वर चिकटवलेली विलायती नावाची चिठ्ठी नखानं खरवडली, तर निघून आली. आत पत्र्यावर ठसा— मुंबईत तयार केलेला. साहेब म्हणाले, “मास्टरजी, इसने कौन-सी सरहद पार की? कल्याण?” सगळी कचेरी हसली. तस्करी नाही, जप्ती नाही, दंड नाही. माल परत.

नोकरी राहिली. मी देवापुढं दिवा लावला आणि पोरींना उगाचच जवळ घेतलं. किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला.

२ मार्च

यांनी नवी बॅटरी आणली. रेडिओ मोठ्यानं लावला, दार सताड उघडं ठेवलं. एक माणूस आला नाही. गाठोड्यात होता तेव्हा गाव श्वास रोखून बसायचं. नवेगाव बांधचे पाहुणे मुद्दाम वाट वाकडी करून ‘तो जहाजवाला मास्तर’ बघून जायचे. आता म्हणे, “देशीच त होय, त्यात काय आयकाचं?”

हे जेवत नाहीत. शाळेत पोरं पाठीमागं “कल्याण, कल्याण” करतात.

आज तळ्यावर धुरपतानं सगळ्यांदेखत म्हटलं, “दुलारे, तुहा नवरा चोर नाई वो, बावळा होय.” साऱ्या जणी कपडे आपटायच्या थांबून हसल्या. चोर म्हणत होत्या तेव्हा एवढं लागलं नव्हतं. मी ओले कपडे तसेच घेऊन घरी आले.

५ मार्च

यांनी अपील करायचं ठरवलंय— माल विदेशीच आहे, निकाल फिरवून दंड करावा म्हणून. दुलीचंदजी म्हणाले, सुटलेल्या माणसाचं अपील जन्मात केलं नाही. हे म्हणाले, करा.

उद्या पहिल्या गाडीनं मीही जातेय. साक्षीला. माल विलायतीच होता, शपथेवर सांगेन.