स्नूप, म्हणजे चोरून खाणं

प्रिय मुग्धा,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. दिवाळीत आलीस आणि फ्रिजवर कॅमेरा बसवून गेलीस, तेव्हापासून स्वतःच्याच घरात मी चोर झालोय. काल दुपारी संत्रा बर्फीच्या डब्याला हात लावला, तर फ्रिजवरच्या कॅमेऱ्यातून तुझा आवाज, बाबा, आज परत! डबा पायावर पडला. अंगठा सुजलाय. बंगळुरूत तुला काही कामधंदा आहे की नाही?

हे स्नूपिंग बंद कर, असं मी ओरडलो आणि तू फोन आपटलास. तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं, पण या शब्दाचं मूळ कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी रागारागाने जाडा शब्दकोश काढला. आजचा अर्थ दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं, म्हणजे तू. पण शब्द अमेरिकेत गेला डचांकडून, आणि त्यांच्याकडे अर्थ काय, तर लपूनछपून गोड खाणं! म्हणजे मी. कप्पाळ माझं, शब्दकोशही तुला फितूर.

साखर वाढलीय, मान्य. पण मी अर्धाच तुकडा खातो, आणि तोही खावा लागतो म्हणून. तुझ्या कॅमेऱ्याला स्वयंपाकघराच्या दाराआडचं दिसत नाही. तिथे तुझी आई उभी असते. जरा विसरते एवढंच तुला सांगितलं होतं. महिना झाला, ती जेवणाचं ताट नुसतं बाजूला सरकवते गं. दुपारी मात्र मला दाराआड ओढते आणि कुजबुजते, दादा, तू खाय नं गा आधी, माय येऊन राहिली. काटोलला लहानपणी ती आणि तिचा दादा, म्हणजे तुझा शालिकराममामा, असेच चोरून खायचे. मी खाल्लं की उरलेला अर्धा ती खाते आणि तोंडावर हात ठेवून हसते. काल तुझा आवाज आला आणि तिला वाटलं, माय खरंच आली. बर्फी न घेताच ती पलंगामागे जाऊन बसली. नंतर दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही.

बेचाळीस वर्षांचा संसार झाला, आणि मी कोण हे तिला आठवत नाही. तुला हे सांगायची हिंमत होत नव्हती, म्हणून चिडत होतो. कॅमेरा काढून गव्हाच्या कोठीत टाकलाय. तुझं नाव ती अजून बरोबर घेते. घेतेय तोवर ये.

तुझाच,
बाबा