पडदा कशाचा होता

सर, हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहवतंय. चांद्याच्या शाळेतला तो प्रदर्शनाचा दिवस आठवला की अजून मान खाली जाते. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात. तुम्ही काचेच्या भांड्यात आम्लाचं पाणी घेऊन त्यातून वीज सोडलीत. एका बाजूला हायड्रोजन साचला, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. मग बॅटरी काढून टाकलीत आणि त्याच दोन वायूंकडून वीज परत मिळवायला निघालात. मधे एक पातळ पडदा. वायू मिसळू द्यायचे नाहीत, वीज मात्र अडवायची नाही. कागद विरघळला होता, कापडातून बुडबुडे गेले होते, तेव्हा कुठे हा पडदा तुम्हाला सापडला होता.

माझे बाबूजी सागवानाचे ठेकेदार, शाळेच्या कमिटीवर. सगळ्यांसमोर म्हणाले, "बॅटरी तं काढली तुमी. आता वीज कुठून येईन? आमाले येडं समजता का मास्तर?" तुम्ही मला तारा जोडायला सांगितलंत. मीटरची सुई हलली. लोक हसले, तसा बाबूजींचा चेहरा उतरला.

"हा पडदा कशाचा हाय?"

खोटं सांगितलं असतंत तरी चाललं असतं. तुम्ही म्हणालात, "बकऱ्याच्या आतड्याचा."

"शाळेत मांस आणलं?" बाबूजी ओरडले. पोरांसमोर, पालकांसमोर त्यांनी तुम्हाला टेबल धुवायला लावलं. तुम्ही बाह्या सारल्यात आणि धुतलंत. मी तारा हातात धरून उभी. पुढच्याच रविवारी आमच्या घरी मटण शिजलं, आणि बाबूजींनी दोनदा मागून घेतलं. थोड्याच दिवसांत तुम्ही शाळा सोडून आलापल्लीला गेलात.

पुढे मी प्रयोगशाळेत अशा पडद्यांवरच काम करत राहिले. खूप वर्षांनी आलापल्लीला तुमच्याकडे आले, तेव्हा तुमच्या पत्नी स्वयंपाकघरात चहा उकळत होत्या आणि तुम्ही विद्यार्थ्यासारखे पुढे सरकून विचारत होतात, "आता कशाचा करते पडदा?"

"पॉलिमरचा, सर. प्लास्टिकच म्हणा. ओला असला की प्रोटॉन जाऊ देतो, वायू अडवतो."

"टिकते किती?"

"नाई टिकत सर. वाळला की तडकतो."

तुम्ही खळखळून हसलात. "म्हणजे माह्यावानीच करून राह्यली तू." मग म्हणालात, "बाबूजी बरे आहेत ना तुझे?" मी हो म्हटलं आणि कपात बघत बसले.

सर, बाबूजी तेव्हा बाहेर रस्त्यावर जीपमध्ये बसले होते. म्हातारे झाले होते. "मले मास्तरशी बोलाचं हाय" म्हणत मुद्दाम सोबत आले होते. जीपच्या दाराशीच मी त्यांना अडवलं. तुमच्यासमोर त्यांची मुलगी म्हणून उभं राहायची मला लाज वाटली.

परतताना ते हळूच म्हणाले, "मास्तरनं माह्याबद्दल काई विचारलं का?"

मी नाही म्हटलं.